आधी घेणार, मग सोडणार

शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास अपेक्षा माकणे मुळशी तालुक्यातल्या एखाद्या चावडीसमोर स्कूटर उभी करते. हेल्मेट काढत नाही. फलकावर लावलेल्या नोटिसांचे फोटो काढते आणि पुढच्या गावाकडे निघते. दुपारी दोनपर्यंत अशा पाच-सहा चावड्या होतात.

नोटिशीचा मजकूर ठरलेला असतो. अमुक इसम मयत, त्यांच्या जागी पुढील वारसांची नावं लावायची आहेत, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. गावाला त्या कागदाचं काही वाटत नाही. अपेक्षाला त्यातून एवढंच कळतं, की काल ज्या जमिनीला एक मालक होता तिला आज पाच झाले. पाचांतला एक पुण्यात, एक नालासोपाऱ्याला, एकाचं बाकीच्यांशी बोलणं नाही. त्या पाचांत कुणाला तरी विकायची घाई असते. ती कुणाला आहे हे शोधायचं.

गावं तिला ओळखायला लागली आहेत. रिहे गावाच्या वाटेवर चहाची एक टपरी आहे. ती तिथं थांबली की बाकावरची मंडळी सुरू होतात.

"आली बगा नोटीस वाचनारी. कोन गेलं रं आपल्यातलं?"

"अजून कुनी न्हाई. पर बाबूतात्याचा खोकला लई वाढलाय. बाईस्नी नंबर दिऊन ठिव तात्याचा."

"तात्यांना औषध द्या," ती म्हणते. "मला काही घाई नाही."

हे खरं नव्हतं. गेल्या सप्टेंबरपासून तिला घाईच होती.

अपेक्षा अडतीस वर्षांची आहे. मूळ गाव औसा तालुक्यात, जिल्हा लातूर. पुण्यात चौदा वर्षं झाली. हिंजवडीतल्या एका कंपनीत पगाराच्या विभागात काम करते, एकटी राहते. वाकडला तिचा एक बेडरूमचा फ्लॅट होता, तो तिनं सप्टेंबरमध्ये सेहेचाळीस लाखांना विकला आणि बावधनमध्ये एक खोली-स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं. विकण्यामागे बाणेरच्या एका हॉटेलातलं दोन दिवसांचं शिबिर होतं. तिथला माणूस म्हणाला होता, जमीन शोधत फिरू नका, अडलेला माणूस शोधा. जमीन त्याच्या पायाखाली असते. घटस्फोट, वाटणीचं भांडण, परदेशी गेलेला मुलगा, पडीक खाचर, महिनोन् महिने कुलूप असलेलं घर. अपेक्षानं ते वहीत उतरवून घेतलं होतं. तिला आकडे जुळवायची, फायली तपासायची सवय होती. हे काम आपल्याला जमेल असं तिला वाटलं, आणि ते बऱ्यापैकी खरं होतं.

अडचण दुसरीच होती. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा आधी शेतकरी असावा लागतो. अपेक्षाकडे त्याचा पुरावा एकच, गावाकडचा सातबारा. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. आई त्याआधीच गेलेली. सव्वातीन एकरांवर वारस म्हणून दोन नावं लागली, धाकटा भाऊ शंभू आणि अपेक्षा. वडिलांच्या तेराव्याला, जेवणं चालू असताना, चुलत्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अपेक्षा, भावाला हक्कसोड देशील ना?" ती "हो" म्हणाली. तिच्या दोन्ही आत्यांनी असंच दिलं होतं, त्या घरात बहिणीनं याहून वेगळं काही म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. शिबिर त्यानंतर झालं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की हक्कसोडपत्र नोंदवलं की नाव गेलं, आणि नाव गेलं की शेतकरी असल्याचा पुरावाही गेला.

शंभूनं या वर्षी तारीख धरली, तीस मार्च. त्याचंही चूक नव्हतं. शेततळ्याच्या अनुदानाला, पीककर्जाला, विजेच्या जोडणीला, प्रत्येक कागदावर दुसऱ्या मालकाची संमती लागे, आणि दुसरी मालक सव्वातीनशे किलोमीटरवर. अपेक्षानं तारखेला होकार दिला. म्हणजे मुळशीतली खरेदी तीस मार्चच्या आत नोंदवून घ्यायची. नाही जमलं तर फ्लॅटही गेला आणि जमीन घेण्याची पात्रताही.

भिवाजी पडळघरे तिला चावडीच्या फलकावर सापडला नाही. नोव्हेंबरात रिह्याच्या खोऱ्यात भाताची झोडणी चालू होती. एका फार्महाऊसच्या लोखंडी फाटकाशी सत्तरीकडे झुकलेला एक माणूस खांद्यावर रिकामी पोती घेऊन पहारेकऱ्याशी भांडत होता. अपेक्षानं स्कूटर बाजूला घेतली.

"माज्याच वावरात जायाचंय मला," तो आता तिला सांगू लागला, कारण पहारेकरी ऐकत नव्हता. "नाव लिवा म्हनतंय. गाव लिवा, येळ लिवा. कुनाला भेटायचंय इचारतंय. म्हनलं भाताला भेटायचंय, लिव!"

त्याचं बावीस गुंठ्यांचं खाचर तीन फार्महाऊसच्या मध्ये सापडलं होतं. त्यांतल्या एका फार्महाऊसची जमीन भिवाजीनंच बारा वर्षांपूर्वी विकली होती, तेव्हा वाटेचं कुणी लिहून ठेवलं नव्हतं. तो स्वतः पिरंगुटला राहायचा. रस्त्याला लागून त्यानं नऊ खोल्या बांधल्या होत्या, त्यांत कारखान्यांतली परप्रांतीय पोरं भाड्यानं राहत. पैशाची नड नव्हती. पण दर वेळी वहीत नाव लिहायचं, हे त्याला सोसत नव्हतं.

अपेक्षा तीन भेटींत दराबद्दल बोललीच नाही. चौथ्या भेटीत त्यानंच विषय काढला. शेजारी गुंठा चार लाखांवर गेला होता. फाटकामागच्या या तुकड्याला तेवढं कुणी देणार नव्हतं, आणि फार्महाऊसवाले त्याच्या थकण्याची वाट बघत बसले होते. जानेवारीत गुंठ्याला दोन लाख ठरले. अपेक्षाचा हिशेब सरळ होता. जुन्या नकाशावर वहिवाटीची वाट दाखवलेली आहे. तहसीलदारांकडे अर्ज करून दोन-तीन वर्षांत ती मोकळी करून घ्यायची. तेवढं झालं की भाव शेजारचाच.

सातबाऱ्यावर दोन नावं होती. भिवाजी, आणि त्याच्या खाली गोजराबाई.

"ती बहीन. ताम्हिणीला दिलीया," भिवाजी म्हणाला. "तिची हक्कसोड करून घेतो आदी. मंग मी एकटा तुमाला खरेदी द्येतो. तिला काय नगं, मॅडम. साडी-चोळी करीन मी."

जानेवारी संपला. फेब्रुवारीत दर आठवड्याला अपेक्षा फोन करायची आणि भिवाजी सांगायचा, "येतीया. या सोमवारी येतीया." कधी तिच्या नातवाची परीक्षा, कधी जत्रा, कधी नुसतंच "येईल की". पाच मार्चला अपेक्षानं रजा टाकली आणि ताम्हिणीला निघाली. भिवाजीला सांगितलं नाही.

गोजराबाईंचं हॉटेल घाटरस्त्याला लागून आहे. चार पत्रे, दोन बाकं, पिठलं-भाकरी आणि चहा. पावसाळ्यात पुण्याचे लोक धबधबे बघायला येतात तेव्हा इथं उभं राहायला जागा नसते. त्या दुपारी कुणीही नव्हतं. साठीच्या गोजराबाई परातीत पीठ मळत होत्या. त्यांची सून पिंकी चुलीपाशी होती.

"मी रिह्याच्या जमिनीसाठी आले, मावशी. भिवाजीकाकांशी माझं—"

"त्यानं धाडलं?"

"नाही. माझी मी आले."

"मंग बस. त्यानं धाडली असती तर उबीच ठिवली असती तुला." त्यांनी पिंकीला चहा टाकायला खुणावलं. "किती द्येतीस त्याला?"

"गुंठ्याला दोन लाख."

"अन् त्यो मला काय द्येनार म्हनतोय?"

अपेक्षानं हेल्मेट बाकावर ठेवलं.

"साडी," गोजराबाईंनीच उत्तर दिलं.

"आत्या, या येळी पैठणी मागा," पिंकी चुलीकडून म्हणाली. "बावीस गुंट्याला जरीचा काठ तरी पायजे."

सासू-सुना दोघी हसल्या. अपेक्षानंही हसून घेतलं आणि मुद्द्यावर आली. सही करायला हरकत काय आहे?

"हरकत कसली? करीन की सई. पर खरेदीखतावर. इकनाऱ्यात माजं नाव लिवायचं, माजं पैसं माज्या खात्यात टाकायचं. हक्कसोडीवर अंगठा मागायचा न्हाई. आन् त्येला एवढी गरज असंल तर त्यानं यावं. चार वर्सं झाली, भाऊबीजेला पोराकडनं फोन करवतोय. मी हाय का मेली ते बघायला बी आला न्हाई."

शिबिरात शिकवलं होतं, की समोरचा नाही म्हणाला तर आधी त्याच्या बाजूला जाऊन बसायचं. अपेक्षाकडे त्यासाठी एक वाक्य तयार होतं. हे वाक्य ती याआधी दोन घरांत बोलली होती आणि दोन्ही ठिकाणी बहिणींचा आवाज खाली आला होता.

"मावशी, माझ्याही वडिलांची जमीन आहे. मीसुद्धा माझ्या भावाला हक्कसोड देणार आहे. याच महिन्यात, तीस तारखेला. शेवटी भाऊ तो भाऊ."

"कुटलं गाव तुजं?"

"लातूरकडचं."

"आन् हितं जमीन घेनार? शेतकरी असल्याबिगर मिळत न्हाई म्हनं."

"माझं नाव आहे ना तिकडच्या सातबाऱ्यावर."

"त्ये तर तू तीस तारखेला सोडनार म्हनलीस."

"त्याच्या आधी इथली खरेदी होईल."

गोजराबाईंचे हात पिठात थांबले. "म्हंजी तू आदी घेनार, मंग सोडनार."

"हो."

"आन् मला म्हनतीस आदी सोड."

चुलीकडून पिंकीचं हसू ऐकू आलं. अपेक्षानं चहाचा कप उचलला. तिच्या वहीत विकणाऱ्यांच्या हरकती आणि त्यांची उत्तरं लिहिलेली होती, ही हरकत त्यांत नव्हती. चहा संपवून ती उठली तेव्हा गोजराबाईंनी चहाचे पैसे घेतले नाहीत, पण तिनं न मागितलेल्या दोन भाकऱ्या आणि पिठल्याचे घेतले. ते कागदात बांधून हातात दिलं. "घाटात कुटं मिळायचं न्हाई," म्हणाल्या.

संध्याकाळी पिरंगुटला भिवाजी खोल्यांच्या जिन्यावर बसला होता. वरच्या मजल्यावर भाडेकरूंच्या कुकरच्या शिट्या चालल्या होत्या.

"ताम्हिणीला गेले होते, काका. त्या सही द्यायला तयार आहेत."

"द्येती ना! म्हनलंच हुतं मी."

"खरेदीखतावर. विकणारे दोघं. निम्मे पैसे त्यांना."

भिवाजीनं वरच्या मजल्याकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हंजी हिस्सा मागतीया."

"त्यांचाच आहे."

"कागदावर हाय ओ. कागदाचं कोन बोलतंय? गावात काय सांगू मी? भिवाजीच्या बहिनीनं हिस्सा घेतला म्हनत्याल. बापानं तिचं लगीन करून दिलं, दोन बाळंतपनं हितं केली आमी." मग तो तिच्याकडे वळला. "तुमी बी बाईमानूस हायसा, मॅडम. तुमी सोडनार ना भावाला? त्ये सांगायचं हुतं तिला."

"सांगितलं."

"मंग?"

"मग त्या हसल्या."

भिवाजी काही हसला नाही. अपेक्षानं तिथंच, जिन्यात उभ्यानं सांगितलं की तिला बावीस गुंठे दोघांकडून हवेत, हक्कसोड करून एकट्याकडून नकोत. हे तिनं गोजराबाईंसाठी केलं असं लिहिणं चुकीचं होईल. ताम्हिणीहून येताना तिनं दिवस मोजले होते. हक्कसोडपत्र, त्याची नोंद, नोंदीची नोटीस, मग खरेदीखत, हे सगळं तीस तारखेपर्यंत बसतच नव्हतं. दोघांनी मिळून सही केली तर एक दिवस पुरत होता. पण एवढंच कारण होतं असंही तिला नंतर ठामपणे सांगता आलं नाही.

पुढचे सोळा दिवस भिवाजीनं फोन उचलला नाही.

ते दिवस तिनं कसेबसे काढले. ऑफिसात मार्चच्या पगाराची फाईल तिच्याकडून दोनदा चुकली आणि परत आली, असं तिथल्या आठ वर्षांत झालं नव्हतं. शनिवारी ती पाच चावड्या करून आली आणि एकाही नोटिशीचा फोटो न काढता घरी परतली. पर्याय म्हणून माले गावाजवळची एक जमीन बघितली, तिथला मालक वर्षभर थांबायला तयार होता. तो अडलेला नव्हता. अडली होती ती. हे तिला तिथं बांधावर उभं असताना कळलं. मालकालाही कळलं असावं, कारण त्यानं भाव सांगताना घाई केली नाही.

शंभूचे फोन येत राहिले.

"अक्का, तिकीट काढलीस का?"

"बघते."

"बघते काय म्हणायलीस? वकिलाला मसुदा करायला लावलाय मी. एकतीस तारखेच्या गर्दीत आपला नंबर लागत नसतोय, म्हणून तीस धरलीय."

"येते म्हटलं ना."

"नक्की ना? तुझी भावजय म्हणायली, अक्काला पुरणपोळी करू."

"नक्की."

बावीस तारखेला सकाळी भिवाजीचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"त्या मधल्या बंगलेवाल्यानं दीड सांगितलं. दीड! वरनं म्हनतोय, तुमाला दुसरं कोन इचारनार. मंगळवारी या पौडला. तिला बी सांगा तुमीच."

चोवीस तारखेला पौडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात बाकाच्या एका टोकाला भिवाजी बसला, दुसऱ्या टोकाला गोजराबाई. मध्ये तीन अनोळखी माणसं. अपेक्षा दोघांच्या बाजूला आळीपाळीनं उभी राहत होती. बावीस-बावीस लाखांचे दोन डिमांड ड्राफ्ट तिच्या पर्समध्ये होते. नाव पुकारल्यावर कर्मचाऱ्यानं कॅमेरा भिवाजीकडे वळवला, मग गोजराबाईंकडे बघून विचारलं, "या कोण?"

"बहीन," भिवाजी म्हणाला.

"विकणाऱ्या ना? मग बसा त्यांच्या शेजारी. फोटो एकत्र नाही, पण अंगठा लागोपाठ लागतो."

गोजराबाई शेजारी बसल्या. अंगठे लागले. ड्राफ्टवरचं नाव त्यांनी पिंकीकडून दोनदा वाचून घेतलं आणि तो पोलक्यात ठेवला. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, च्या घेनार का?"

"न्हाई."

"मी घेते," म्हणाल्या आणि पिंकीला घेऊन टपरीकडे गेल्या. भिवाजी थोडा वेळ कार्यालयाच्या पायरीवर थांबला. टपरीकडे जाईल असं वाटलं, पण पिरंगुटची बस आली आणि तो तिच्यात चढला.

नाव सातबाऱ्यावर लागायला महिना जाणार होता. पण नोंदलेला दस्त हातात होता आणि तिच्या वकिलाच्या मते आता औशाची सही करायला काहीच धोका नव्हता. अपेक्षा मुळशीतली शेतकरी झाली होती. तिनं ठरवलं होतं तसंच आणि ठरवलेल्या क्रमानं सगळं झालं होतं. राहिली होती ती फक्त सोडायची बाजू.

तीस तारखेला सकाळी औशाच्या बसस्थानकावर शंभू मोटारसायकल घेऊन उभा होता. हँडलला कापडाच्या दुकानाची पिशवी लटकत होती, आतून साडीचा मोरपंखी रंग दिसत होता. कार्यालयात त्यांचा अकरावा नंबर होता. शंभूनं शेततळं कुठं घ्यायचं ते तिला मोबाईलवर दाखवलं. वडिलांनी लावलेलं सीताफळाचं झाड मध्ये येत होतं, ते वाचवण्यासाठी त्यानं खड्डा सहा फूट सरकवला होता. तिनं ते फोटो मोठे करून बघितले.

नंबर आल्यावर कर्मचाऱ्यानं मसुद्याचा शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. त्याला तो तोंडपाठ असावा. "स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला हक्क सोडत आहे. बरोबर आहे ना, ताई?"

अपेक्षानं मसुदा आपल्याकडे ओढून ती ओळ वाचली. कर्मचाऱ्यानं वर बघितलं. "बरोबर आहे का?"

"दोन बरोबर आहेत," ती म्हणाली. "विनामोबदला नाही."

शंभूला आधी कळलंच नाही. तो कर्मचाऱ्याकडे बघत होता, टायपिंगची चूक निघाली असं समजून.

"मोबदला असेल तर हा कागद चालत नाही," कर्मचारी म्हणाला. "मुद्रांक वेगळा, मसुदा वेगळा. तुमचं आपसात ठरवून या." आणि त्यानं बारावा नंबर पुकारला.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली दोघं उभे राहिले. शंभू चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो चिडला नाही.

"चुलत्यांना काय सांगू, अक्का? तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणालीस तू."

"म्हणाले होते."

"आता फिरायलीस."

"हो."

"मला तळं करायचंय. शहरात राहून तुला हे वावर काय करायचंय?"

"वावर नको. तूच कर. पण घे माझ्याकडून. फुकट नको."

त्यानं जमिनीकडे बघत विचारलं, "किती पाहिजे?"

भूगावपासून ताम्हिणीपर्यंत कुठल्या गावात रस्त्यालगत काय भाव आहे आणि आत काय आहे, हे अपेक्षाला कागद न बघता सांगता येतं. इतके महिने ती लोकांना हाच प्रश्न विचारत होती आणि त्यांचा चेहरा वाचत होती. आता तो तिलाच विचारला गेला आणि तिच्याकडे आकडा नव्हता. वडिलांच्या गावात जमीन कितीला जाते, याची तिनं कधी चौकशीच केली नव्हती.

"इथं गुंठ्याला काय चाललंय?" तिनं विचारलं.

"इथं गुंठ्यानं कोणी बोलत नाही, अक्का. एकरानं बोलतेत," शंभू म्हणाला. "आन् मी काय विकायला बसलोय का, भाव माहीत असायला?"

"मग कुणाला तरी विचारू."

शंभूनं मोटारसायकल चालू केली. ती मागं बसेपर्यंत थांबला, पण तिच्याकडे बघितलं नाही.